वाचकांचे प्रश्न : ‘ड्रॅक्युला’ची भीती नेमकी कशात आहे?

मागील अंकात या सदरात जुन्या इंग्रजी भयकथांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या एकाच कादंबरीविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर तिलाच दिले आहे. उत्तरांमध्ये कथानकातील महत्त्वाचे प्रसंग उघड झाले आहेत. ज्यांनी कादंबरी अजून वाचलेली नाही, त्यांनी ती आधी वाचावी आणि मग इकडे वळावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : ड्रॅक्युला कोण आहे, हे चित्रपटांमुळे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही मूळ कादंबरीची पहिली चार प्रकरणे रात्री वाचली, तेव्हा दिवा मालवण्याचे धाडस झाले नाही. रहस्य आधीच माहीत असताना भीती वाटावी, असे त्या पानांत काय आहे?

आपल्याला माहीत होते, म्हणूनच भीती वाटली. वाचकाला आधी कळावे आणि पात्रांना फार उशिरा कळावे, अशीच या कादंबरीची सगळी बांधणी आहे. २६ मे १८९७ रोजी ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाच्या वाचकालाही व्हँपायर, म्हणजे माणसांचे रक्त पिणारा मेलेला जीव, नवा नव्हता. जॉन पॉलिडोरी यांची ‘द व्हँपायर’ ही कथा १८१९ मध्येच आली होती आणि शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ मध्ये त्यांच्या कथासंग्रहात समाविष्ट झाली होती. त्यामुळे डोंगरातला पडका किल्ला, फिकट चेहऱ्याचा यजमान आणि दुरून येणारे लांडग्यांचे आवाज एवढे जमून आले की, त्या वाचकाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत असणार. जोनाथन हार्करच्या मनात ती चुकचुकत नाही, कारण तो तिथे कामासाठी आलेला आहे.

ही कामाची बाब मला फार मोलाची वाटते. हार्कर हा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण सॉलिसिटर आहे. इंग्लंडमध्ये मालमत्ता घेऊ पाहणाऱ्या काउंट ड्रॅक्युला या परदेशी सरदाराला खरेदीचे कागद समजावून सांगणे, एवढ्यासाठी तो आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात आला आहे. त्याच्या रोजनिशीची सुरुवात आगगाडीच्या वेळेपासून होते : म्युनिकहून रात्री ८.३५ ला निघालो, व्हिएन्नाला ६.४६ ला पोचायला हवे होते, गाडीला तासभर उशीर झाला. वाटेत खाल्लेला एक पदार्थ आवडला, तर त्याची कृती आपली वाग्दत्त वधू मीना हिच्यासाठी मिळवायला हवी, असे तो कंसात नोंदवून ठेवतो. पुढे बिस्ट्रिट्झच्या खानावळीची मालकीण गुडघे टेकून त्याला जाऊ नको म्हणून विनवते आणि स्वतःच्या गळ्यातला क्रूस त्याच्या गळ्यात घालते. बाहेर जमलेले लोक कुजबुजत असतात. त्यांच्या तोंडचे शब्द हार्कर खिशातल्या शब्दकोशात काढून पाहतो आणि त्यांचे अर्थ सैतान, नरक, चेटकीण असे निघतात. यावर त्याने केलेली नोंद अशी आहे की, या अंधश्रद्धांविषयी काउंटलाच विचारले पाहिजे. हे वाचताना त्याची बाही धरून मागे ओढावेसे वाटते, पण पानाच्या अलीकडून कोणाला काही करता येत नाही. पुढची साडेतीनशे-चारशे पाने वाचकाची हीच अवस्था राहणार आहे.

आता ८ मेच्या नोंदीतला आरशाचा प्रसंग सावकाश वाचून पाहावा. हार्करने स्वतःजवळचा दाढीचा आरसा खिडकीशी टांगलेला आहे. मागून खांद्यावर हात पडतो आणि ‘सुप्रभात’ असा आवाज येतो. तो दचकतो, कारण आरशात मागची सगळी खोली दिसत असताना कोणी येताना दिसले नव्हते. दचकल्यामुळे वस्तरा किंचित लागतो, पण ते त्याच्या ध्यानात येत नाही. काउंटला उत्तर देऊन तो पुन्हा आरशाकडे वळतो. या वेळी चूक होण्याचे कारणच नाही, कारण तो माणूस खांद्याला खेटून उभा आहे आणि तरीही आरशात फक्त हार्कर आहे. तेवढ्यात हनुवटीवरून ओघळलेले रक्त दिसते आणि चिकटपट्टी शोधण्यासाठी तो अर्धवट वळतो. काउंटचे डोळे पेटलेले असतात आणि हात एकदम गळ्याकडे झेपावतो. त्या हाताला क्रूसाची माळ लागते आणि सारा संताप क्षणात विरून जातो. आपल्याला कापून न घेण्याची काळजी घ्या, या देशात ते तुम्हाला वाटते त्याहून धोक्याचे आहे, असे काउंट सांगतो, खिडकी एका हिसक्यात उघडून आरसा खाली भिरकावतो आणि निघून जातो.

इथवरचे कोणत्याही बऱ्या लेखकाला सुचले असते. स्टोकर यांची खरी हातोटी पुढच्या ओळीत आहे. हार्कर लिहितो की, हे मोठे त्रासाचे झाले, आता दाढी कशी करायची. घड्याळाच्या झाकणात पाहून किंवा दाढीच्या भांड्याच्या तळाशी पाहून करावी लागेल, ते भांडे सुदैवाने धातूचे आहे. ज्याला प्रतिबिंब नाही असा माणूस त्याने नुकताच पाहिला आहे आणि त्याचे मन दाढीच्या भांड्याला धरून बसले आहे. भेदरलेले मन असेच वागते. ते समोरच्या गोष्टीकडे सरळ पाहत नाही, एखाद्या क्षुल्लक वस्तूला घट्ट धरून ठेवते. हार्कर ‘मी भयंकर घाबरलो’ असे लिहिता, तर वाचक निम्मा सुटला असता.

त्यानंतर हार्कर दारे तपासतो आणि एकामागून एक सगळी बंद निघतात. मग दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतून त्याला काउंट स्वतः जेवणाचे टेबल मांडताना दिसतो. त्याआधी तो हार्करचे अंथरूणही घालत असतो. या दृश्यात रक्त नाही, दात नाहीत, काळोखही नाही. एक उमराव घरकाम करतो आहे, इतकेच. पण हार्कर वकिलासारखा विचार करतो : हा स्वतः हलकी कामे करतो, याचा अर्थ घरात नोकर नाहीत, नोकर नाहीत, तर मला इथे घेऊन येणारा गाडीवानही हाच असला पाहिजे, आणि तो गाडीवान तर नुसता हात वर करून लांडग्यांना मागे हटवत होता. साध्या चादरीपासून निघालेला विचार तीन पावलांत तिथे पोचतो आणि पोटात गोळा येतो. काउंट भिंतीवरून डोके खाली करून पालीसारखा उतरतो, ते दृश्य सर्वांच्या लक्षात राहते, तरी मला स्वतःला अंथरूण घालणारा काउंट अधिक भीतिदायक वाटतो.

आणखी एक गोष्ट. काउंट हार्करला ओढून आत नेत नाही. दार उघडून तो पुतळ्यासारखा उभा राहतो, आपल्या मर्जीने आत यावे असे म्हणतो आणि हार्करने उंबरठा ओलांडेपर्यंत तसूभरही पुढे येत नाही. पुढे काउंटविरुद्ध उभा राहणारा डच प्राध्यापक-डॉक्टर व्हॅन हेल्सिंग सांगतो की, घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय या प्राण्याला कोणत्याही घरात प्रथम प्रवेश करता येत नाही. हा नियम कळल्यावर मागचे सगळे आठवून पाहावे. काउंटला इंग्लंडमध्ये आणणारे खरेदीखत हार्करनेच समजावून दिलेले आहे आणि तिथल्या भाषेचा सरावही त्याच्याशी बोलूनच झालेला आहे. एकदा तर काउंट कोचावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक वाचताना सापडतो. चौथ्या प्रकरणात, पेटीत पडलेल्या त्या रक्ताने टरारलेल्या देहाकडे पाहताना, हार्करला उमगते की, आपण ज्याला लंडनला नेऊन सोडण्यात हातभार लावला तो हाच. प्रामाणिकपणे केलेले कामच घात करून गेले, ही जाणीव कोणत्याही सुळ्यांपेक्षा खोल रुतते, आणि माझ्या मते कादंबरीचे मर्म तेच आहे : संकट बाहेरून येते, पण त्याला दार आतून उघडून मिळते, आणि ते उघडणारा हात बहुधा भल्या माणसाचा असतो.

प्रश्न : पाचव्या प्रकरणापासून मैत्रिणींची पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि डॉक्टरांच्या नोंदी सुरू होतात. माझा उत्साह तिथे ओसरला. हा भाग वरवर चाळून पुढे गेले तर चालेल का?

माझी कळकळीची विनंती आहे की, एकही कात्रण गाळू नये. कंटाळा येतो ही आपली तक्रार खोटी नाही, पण यंत्र चालते ते याच भागात.

या कादंबरीला निवेदक नाही. हार्कर आणि मीना यांच्या लघुलिपीतल्या रोजनिश्या, मीनाची मैत्रीण लूसी हिची पत्रे, मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. सेवर्ड यांनी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बोलून ठेवलेली टिपणे, जहाजाची नोंदवही, तारा, बातम्या, मालवाहतूक करणाऱ्यांची पत्रेसुद्धा, असे सुटे कागद एकापुढे एक लावलेले आहेत. प्रत्येकजण खरे तेच लिहितो, पण इतरांनी काय लिहिले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. सगळे कागद ज्याच्या पुढ्यात आहेत असा एकटा वाचक.

याचा परिणाम तारखा जुळवून पाहिल्या की कळतो. १९ मे रोजी काउंट हार्करकडून तीन पत्रे आगाऊ लिहून घेतो : काम संपत आले, उद्या निघतो, आणि किल्ला सोडून बिस्ट्रिट्झला पोचलो. त्यांवर १२, १९ आणि २९ जून अशा तारखा घालायला तो सांगतो. आपल्या आयुष्याची मुदत आता आपल्याला कळली, अशी नोंद हार्कर करतो. आणि २४ मे रोजी, इंग्लंडमध्ये, आनंदाने न्हालेली लूसी एकाच दिवशी आपल्याला तिघांनी लग्नाची मागणी घातल्याचे मीनाला कळवते. त्या पत्रात भीतीचा लवलेश नाही, पण आधीची चार प्रकरणे वाचून आलेल्या माणसाला ते निवांत वाचता येत नाही. चाळून पुढे गेल्यास नेमकी ही हुरहूर हातची जाते.

पुढे इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदराच्या किनाऱ्याला वादळात एक जहाज लागते. सुकाणूच्या चाकाला कप्तानाचे प्रेत बांधलेले आहे आणि हातांत क्रूस आहे. त्याच्या नोंदवहीत माल कोणता, तर वाळू, आणि शिवाय मातीने भरलेल्या मोठ्या लाकडी पेट्या. त्या पेट्यांत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. कप्तान मात्र एकेक खलाशी नाहीसा होत गेल्याच्या नोंदी शिस्तीने करत राहतो आणि शेवटी आपले कर्तव्य सोडायचे नाही म्हणून स्वतःला चाकाशी बांधून घेतो. पन्नास पेट्या रीतसर उतरवून घेतल्या जातात आणि पावत्या फाडल्या जातात.

मग लूसीचे झोपेत चालणे सुरू होते. रात्री दफनभूमीतल्या बाकावर ती सापडते, तेव्हा मीना तिच्या अंगावर शाल गुंडाळून ती सेफ्टी पिनेने गळ्याशी अडकवते. सकाळी गळ्यावर दोन बारीक लाल ठिपके दिसतात. आपल्याच धांदरटपणामुळे पिन टोचली असे मीनाला वाटते आणि ती मनोमन खजील होते. किती सुसंगत, किती मायेचे आणि किती चुकीचे स्पष्टीकरण आहे हे!

सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग सप्टेंबरमधला आहे. व्हॅन हेल्सिंग लूसीच्या खोलीत लसणाची फुले पसरतो, खिडक्यांच्या चौकटींवर ती चोळतो, तिच्या गळ्यात त्यांचा हार घालतो आणि खिडकी उघडू नये असे बजावतो. लूसीची आई हृदयविकाराने आजारी असल्यामुळे, तिला धक्का बसू नये म्हणून, तिला यातले काहीही सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघा डॉक्टरांना हसतमुखाने सामोरी येते आणि सांगते की, रात्री मी पोरीच्या खोलीत डोकावले, तर तिथे कोंदटले होते, उग्र वासाची ती फुले जिकडेतिकडे होती, तिच्या गळ्यातसुद्धा. अशक्त पोरीला तो वास सोसायचा नाही, म्हणून मी ती सगळी काढून टाकली आणि मोकळी हवा यावी म्हणून खिडकी थोडी उघडली. वृद्ध व्हॅन हेल्सिंग ती समोर असेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. ती वळून गेल्यावर तो सेवर्डला जेवणाच्या खोलीत ओढून नेतो, दार लावतो आणि हुंदके देऊन रडतो. या पानावर काउंट कुठेच नाही. मुलीची काळजी घेणारी एक आई आहे आणि आईची काळजी घेणारे दोन डॉक्टर आहेत.

आणि तो तारेचा कागद! पुढे एका रात्री लूसीजवळ थांबावे, असे सेवर्डला कळवणारी व्हॅन हेल्सिंगची तार पत्त्यात परगण्याचे नाव नसल्यामुळे भलत्याच ठिकाणी जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. तेवढ्या अवधीत खिडकी फोडून लांडगा आत डोकावतो, आई घाबरून लूसीच्या गळ्यातला हार ओढून तोडते आणि तिथेच मरून पडते. तारेच्या डोक्यावर उशिराची ती कोरडी नोंद आहे. चाळणाऱ्याची नजर नेमकी तिच्यावरूनच घसरते.

ही युक्ती स्टोकर पुन्हा मीनाच्या बाबतीत वापरतात. सगळे कागद टाइप करून, तारखांप्रमाणे लावून त्यांची संगती लावणारी तीच असते. आणि तिला त्रास नको म्हणून पुरुषमंडळी ठरवतात की, यापुढे तिला काही सांगायचे नाही. मग ती रोजनिशीत लिहू लागते की, फार थकवा वाटतो, रात्री धुके खोलीत शिरल्याचे स्वप्न पडले. मंडळींना वाटते, ताण पडला असेल. वाचकाला तोवर लूसीचे दुखणे तोंडपाठ झालेले असते.

प्रश्न : ज्याच्या नावाची कादंबरी आहे तो काउंटच चौथ्या प्रकरणानंतर जवळजवळ दिसत नाही. हा रचनेतला दोष म्हणावा का?

मी तो दोष मानत नाही. इंग्लंडमध्ये आल्यावर काउंट खिडकीवर आपटणारे वटवाघूळ होतो, प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या लांडग्याची बातमी होतो, धुक्यातले दोन लाल ठिपके होतो, आणि कधी गर्दीच्या रस्त्यावर एका तरुणीकडे टक लावून पाहणारा उंच, कृश माणूस होतो. त्यामुळे हळूहळू कोणतीही साधी गोष्ट त्याची चाहूल वाटू लागते. स्टोकर सत्तावीस वर्षे लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. विंगेत उभ्या असलेल्या पात्राचे वजन त्यांना त्या अनुभवातून कळले असावे, असे मला वाटते.

गॉथिक, म्हणजे जुने वाडे, रहस्य आणि भय यांभोवती फिरणाऱ्या, कादंबरीच्या थोर लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफ यांचा एक निबंध १८२६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दोन भावना वेगळ्या केल्या आहेत : एक मनाला विस्तारून सगळ्या शक्ती जाग्या करणारी, दुसरी मनाला आक्रसून गोठवणारी. त्यांना मराठीत ढोबळपणे ‘धास्ती’ आणि ‘किळस’ म्हणता येईल. स्टोकर बहुतेक काळ धास्तीवर चालतात आणि किळस मोजक्या ठिकाणी खर्च करतात. रक्त पिऊन सुस्तावलेला, पेटीत जळूसारखा पडलेला काउंट हे तसे एक ठिकाण. दुसरे म्हणजे लूसीच्या कबरीतले दृश्य, जिथे तिच्या छातीत खुंटा ठोकण्याचे काम तिचा वाग्दत्त वर आर्थर यालाच करावे लागते. तिथे लेखक नजर वळवू देत नाही. पण ते दृश्य सहन होत नाही याचे कारण रक्त नाही. ज्या हाताने तिच्या बोटात अंगठी घालायची, त्याच हाताने हातोडा उचलायचा आहे, आणि ते न करणे हा अधिक मोठा निर्दयपणा ठरणार आहे.

प्रश्न : ड्रॅक्युला हा खरोखरीचा राजा होता आणि स्टोकर यांनी ट्रान्सिल्व्हेनियात राहून त्याची माहिती गोळा केली, असे ऐकले. हे खरे आहे का?

ड्रॅक्युला हे नाव खरे आहे. पंधराव्या शतकात वॉलेकियावर, म्हणजे आजच्या रुमानियातल्या एका प्रांतावर, राज्य करणारा तिसरा व्लाद हा शत्रूंना सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता आणि त्याला हे नाव होते. परंतु स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधीच गेले नाहीत. १८९० च्या उन्हाळ्यात ते व्हिटबीला मुक्कामाला होते आणि तिथल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांच्या १८२० च्या एका पुस्तकात त्यांना हे नाव सापडले. वॉलेकियाच्या भाषेत त्याचा अर्थ सैतान होतो, अशी नोंद त्यांनी उतरवून घेतली. त्यांची टिपणे आज फिलाडेल्फिया येथे जतन केलेली आहेत, त्यांत आधी ठरवलेले नाव ‘काउंट वँपिर’ असे दिसते. सुळांचा उल्लेख कादंबरीत नाही, व्लाद हे नावही नाही. तुर्कांशी लढलेल्या एका ड्रॅक्युलाचा पुसट संदर्भ तेवढा येतो. तेव्हा इतिहासातल्या क्रौर्यामुळे ही कादंबरी भयंकर झाली, असे म्हणण्याला आधार नाही.

उपयोगी पडली ती वेगळी माहिती. ट्रान्सिल्व्हेनियातील लोकसमजुतींवर एमिली जेरार्ड यांनी १८८५ मध्ये लिहिलेल्या लेखातून स्टोकर यांनी पुष्कळ घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज व्हिटबीला वादळात किनाऱ्याला लागले होते. कादंबरीतले जहाज ‘डेमेटर’ आहे. खरे बंदर, खऱ्या पायऱ्या, खरे रेल्वेमार्ग आणि त्यांच्या मधोमध एकच अशक्य गोष्ट, हे प्रमाण त्यांनी काटेकोरपणे सांभाळले. दहा अशक्य गोष्टी ठेवल्या असत्या, तर वाचकाने एकीवरही विश्वास ठेवला नसता.

प्रश्न : काउंट दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरताना दाखवला आहे. उन्हात व्हँपायर जळून जातो ना?

कादंबरीत नाही. दिवसा काउंटच्या शक्ती क्षीण होतात आणि रूप बदलण्यावर मर्यादा येतात, एवढेच. सूर्यप्रकाशाने मरण ही कल्पना १९२२ च्या जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’पासून रूढ झाली. तो मूकपट परवानगी न घेता या कादंबरीवर बेतलेला होता, म्हणून स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज पाहता येतो. मला स्वतःला मूळ नियम अधिक आवडतो, कारण दिवस उजाडला की सुटलो, हा दिलासा तो वाचकाला देत नाही.

प्रश्न : शेवटचा पाठलाग मला फिका वाटला. सुरुवातीच्या मानाने शेवट कमी पडतो, असे आपल्याला वाटत नाही का?

वाटते, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. सगळ्यांनी आपापले कागद एकमेकांना वाचून दाखवले की, पात्रांना वाचकाइतकेच कळते आणि जी दरी भीती निर्माण करत होती तीच बुजते. त्यानंतर उरते ती मोहीम : आगगाड्या, बोटी, घोडे आणि व्हॅन हेल्सिंगची लांबलचक भाषणे, ज्यांतली काही मी दुसऱ्या वाचनात गाळली, हेही सांगतो. ६ नोव्हेंबरला सूर्यास्ताच्या ऐन वेळी काउंटचा अंत होतो तो दोन सुऱ्यांनी आणि मोजक्या ओळींत. इतक्या तयारीनंतर तो घाईने उरकल्यासारखा वाटतो. काउंटच्या हल्ल्यानंतर मीनाच्या कपाळावर उमटलेला डाग आणि काउंटच्या मनाशी जुळलेले तिचे मन हा तेवढा भाग त्या पाठलागातही जीव टांगणीला लावतो, कारण शत्रूचा माग ज्या वाटेने लागतो त्याच वाटेने शत्रूलाही इकडचे कळू शकते.

तरीही शेवटचे पान सोडू नये. सात वर्षांनी हार्कर एक छोटी टीप लिहितो. काउंटने पाठलागाच्या आधीच घरात शिरून मूळ हस्तलिखिते आणि फोनोग्राफची नळकांडी आगीत टाकली होती. तिजोरीत ठेवलेली दुसरी प्रत तेवढी वाचली. आता हार्कर तो गठ्ठा काढून पाहतो, तर अगदी अखेरच्या काही वह्या आणि व्हॅन हेल्सिंगचे एक टिपण सोडले, तर त्यात अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ एकही नाही, सगळी नुसती टाइप केलेली पाने. एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा, असे आपण कोणाला सांगू शकत नाही, असे तो लिहितो. ज्या कागदांच्या भरवशावर आपण सारी कादंबरी वाचली, तेच कागद हार्कर इथे आपल्यासमोर ठेवतो, आणि त्यांतला एकही लूसीच्या किंवा त्या कप्तानाच्या हातचा उरलेला नसतो.